मासे सांगून गेले का?

मी तापट माणूस. हिंगोलीत बारावीला जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे खरं सांगायचं तर लिहून देतो. नोकरीला लागलो त्या वर्षी काढलेली नोट्सची वही अजून तीच आहे. मी वाचायचं, लेकरांनी उतरवून घ्यायचं. 'उत्क्रांती हळूहळू आणि सतत होते' हे वाक्य तर तोंडपाठच.

गेल्या वर्षी ते सांगत होतो, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. धरणाकाठच्या सिद्धेश्वर गावची. बाप धरणात मासेमारी करणारा. म्हणाली, "सर, मी वाचलं, जीव लाखो वर्षं हाय तसेच राहतात, अन् मंग थोड्या काळात झपाट्यानं बदलतात. म्हणून खडकात मधल्या पायऱ्यांचे अवशेष कमी सापडतात म्हणे. आमच्याकडं बी नदी पिढ्यान्‌पिढ्या तीच व्हती, अन् धरण आलं तर धा-पंधरा वर्षांत सगळंच पालटलं." विज्ञान मेळाव्यात तिला यावरच बोलायचं होतं. यादीत नावही दिलेलं.

माझं डोकंच फिरलं. मला असं मधेच कुणी अडवलं नव्हतं. म्हणालो, "काय गं, धरणातले मासे येऊन सांगून गेले का तुला?" वर्ग खो-खो हसला. मलाही बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. यादीतलं तिचं नाव मी तिच्यादेखत खोडलं.

घरी गेल्यावर चैन पडेना. कपाटातून एमएस्सीचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात या सिद्धांतावर अख्खं प्रकरण होतं. शास्त्रज्ञांत वाद आहे, पण मुलीचं म्हणणं जसंच्या तसं. आणि समासात पेन्सिलीच्या खुणा, माझ्याच हातच्या! अरे, मी हे वाचलेलं होतं, त्यावर उत्तरही लिहिलेलं होतं. बारावीच्या पेपरात येत नाही म्हणून नोट्स काढताना गाळलं, आणि मग विसरूनच गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी वही न घेताच वर्गात गेलो. काल मी चुकलो, हे सगळ्यांसमोर बोललो. मेळाव्यात तूच बोल, असंही तिला सांगितलं.

ती मान खाली घालून उभी राहिली. "नको सर. तुमी सांगा, आमी लिहून घेतो."

नंतर वर्षभर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. सराव परीक्षेत उत्क्रांतीवर तिनं माझं वाक्य शब्दन्‌शब्द उतरवलं होतं, हळूहळू आणि सतत. मला पूर्ण मार्क द्यावे लागले.