गोलकीपरचं खरं वय

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. हे मी लाजून सांगत नाहीये, स्वभावच तसा आहे. आमच्या यवतमाळच्या घरातल्या दोन पिढ्या सरकारी कचेरीत गेल्या. दाखल्यावरचा शिक्का बोटाने घासून पाहणारी माणसं आम्ही. माझ्या तावडीतून दूधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत कुणी सुटलेलं नाही. त्यामुळे झरी जामणीतल्या आमच्या आश्रमशाळेच्या फोनवर कुणीतरी हिंदीत म्हणालं, की तुमची गोलकीपर राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी निवडली गेली आहे, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघासाठी, तेव्हा मी विचारलं, "ओटीपी पाहिजे असेल ना तुम्हाला?" आणि फोन आपटला.

दोन दिवसांनी यवतमाळला जाऊन क्रीडा कार्यालयात विचारलं. बातमी खरी होती. राज्याच्या संघाकडून खेळताना तिला कुणीतरी पाहिलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, एस.टी. पांढरकवड्याला पोचेपर्यंत टिकला. पुढे मनात यायला लागलं, आपल्याच पोरीला का? देशात गोलकीपर कमी पडल्या का?

मी त्या शाळेत खेळाची शिक्षिका. मैदान मोठं आणि सामान तुटपुंजं, म्हणून फुटबॉल शिकवायला घेतला होता; मोठं काही डोक्यात नव्हतं. ही पोरगी पंधरा किलोमीटरवरच्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, पहिलीपासून आमच्या वसतिगृहात राहणारी, तेव्हा अकरावीत होती. बोलायची कमी. उंच, आणि हात असे लांब की बाकावर बसली तरी कोपर शेजारणीच्या वहीवर. तिच्याकडे एक वही होती. राष्ट्रीय संघाचे जे सामने मोबाइलवर पाहायला मिळत, ते ती त्यात लिहून ठेवायची. कोण जिंकलं, कोण हरलं हे नाही. फक्त आपण खाल्लेले गोल, आणि प्रत्येक गोल कोणत्या बाजूने गेला ते. हे कुणी शिकवलं म्हणून मी तिला खोदून खोदून विचारलं होतं. "कोनी नाई मॅडम. गेलेला गोल ध्यानात राह्यला पायजे ना," एवढंच ती म्हणाली होती.

संघाचा इतिहास मीही मोबाइलवर पाहिला. शेजारच्या देशांना हरवायचं आणि आशियातले मोठे संघ समोर आले की मान टाकायची, असा एकूण प्रकार. एकदा यजमान म्हणून विश्वचषकात जागा मिळाली, तर एकही सामना न जिंकता बाहेर. स्टाफरूममध्ये आमचे गणिताचे सर हसले. "मॅडम, हा संघ ढीगभर गोल खाते. त्यायले तर गोलकीपर पायजेच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन सतराच्या आतली हाय का हे? मले तर वीसची दिसते. पाहून घ्या बा, सही तुमची राहीन."

तो किडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

शिबिराकडून आलेल्या कागदांत एक हमीपत्र होतं. प्रशिक्षकाने लिहून द्यायचं की खेळाडूची जन्मतारीख आपण स्वतः खात्री करून घेतली आहे. मी दाखल-खारीज रजिस्टर काढलं. तिची तारीख एक जून. वर एक जून, खाली एक जून, अख्खं पान एक जूनला जन्मलेल्या लेकरांचं. याचा अर्थ आमच्या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला कळतो. पोडावर जन्माची नोंद कुठली असायला? गुरुजी अंदाजाने तारीख टाकतात, आणि आठ-नऊ वर्षांचं पोरही पहिलीत सहाचं होऊन बसतं. म्हणजे ही कागदावर सोळाची, तर खरी अठरा-एकोणीसची असणार. तिथे हाडांचा एक्स-रे काढतात म्हणे. देशभर शोभा होणार, आणि हमीपत्रावर सही माझी.

मी सही केली नाही. हमीपत्र पर्समध्ये घातलं आणि मुख्याध्यापकांना सांगितलं, "खात्री करून देते." पोरगी रोज प्रार्थनेनंतर व्हरांड्यात येऊन उभी राहायची. "मॅडम, कागद गेले?" "जातील," मी म्हणायची. कागद पाठवायला आठवडाभराची मुदत होती. रविवारी मी पोडावर गेले तर तिची आई माहेरी गेलेली. कधी येईल, कुणाला ठाऊक नाही. मला वाटलं, मुद्दाम दडून बसली. बुधवारी पुन्हा गेले. तेव्हा ती अंगणात बांबूच्या कमच्या सोलत बसली होती. मी सरळच विचारलं, पोरीचं खरं वय काय?

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता ही खोटं बोलणार.

"तुमालेच मालूम आसन ना बाई," ती म्हणाली. "तुमीच तं लेकरं न्याले आल्त्या."

"मी?"

"तुमीच. मंग? पयलीत लेकरं कमी पडून राह्यलते तुमाले. तुमी समद्याइले डोक्यावरून हात नेऊन कान धराले लावला. ज्याच्या हाताले कान लागला थो सहाचा. हिचे हात तं जलमापासून लांब. लागला कान. मी म्हनलं, बाई, लहान हाय वो, आजून अंगावर पेते. तं तुमी म्हनल्या, कान लागला ना, मंग सहाची."

मला ती मुलगी आठवली नाही, पण ती सकाळ आठवली. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. पहिलीचा वर्ग भरला नसता तर तुकडी जाण्याची भीती होती. डोक्यावरून हात नेऊन विरुद्ध बाजूचा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं, ही रीत आमच्याआधीपासूनची. ती मीही वापरली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासले, आणि आपण लिहवून घेतलेल्या तारखेवर माझा एकदाही संशय गेला नाही.

तरीही मी उलटून विचारलंच. जन्म कोणत्या साली? ती म्हणाली, पोडाचा डांबरी रस्ता झाला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात. परत येताना मी रस्त्याच्या तोंडाशी मोटारसायकल थांबवून रस्त्याच्या कामाचा फलक शोधला, गंजलेला, पण साल वाचता येत होतं. बोटांवर हिशेब केला. शाळेत आली तेव्हा ती जेमतेम साडेचार वर्षांची होती. म्हणजे आता पंधरा. सोळासुद्धा नाही. जिला मी वीसची ठरवत होते ती कागदापेक्षा दीड वर्षाने लहान होती.

तिथेच रस्त्याच्या कडेला, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून मी हमीपत्रावर सही केली. तारीख खोटी आहे हे समजल्यावर ती खरी असल्याची हमी दिली! झरीला नेटवर्क मिळताच फोटो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुदत मंगळवारी संपली होती. दुसऱ्या मुलीला बोलावून घेतलं होतं. मी फोन केले, विनवण्या केल्या, एका बाईंवर ओरडलेही. त्या शांतपणे म्हणाल्या, पुढच्या वेळी पाठवा.

पोरीला मी सगळं सांगितलं. माझ्याच हाताने बुडालं हेही सांगितलं, कारण न सांगता मला जेवण गेलं नसतं. ती खाली पाहत होती. "पुढच्या टायमाले जाईन मॅडम," म्हणाली. मी हो म्हटलं. पुढच्या वेळची वयाची अट काय असेल हे मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.

ती स्पर्धा आम्ही शाळेत माझ्या मोबाइलवर पाहिली. आपल्या मुली हरल्या तेव्हा बाकीच्या पोरी हळहळल्या आणि हिने वही काढून बाजू लिहून घेतली. मी तिच्याकडे चोरून पाहत होते. ही माझ्यावर रागावली आहे, आतल्या आत मला शिव्या घालते आहे, असं मला वाटत राहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या संघाची निवड आली तेव्हा ती बारावीत होती. पत्रात जन्मसालाची अट होती. खऱ्या वयाने ती आरामात बसत होती. कागदाच्या वयाने बाहेर. कान धरून मी दिलेलं दीड वर्ष आता तिच्या आडवं आलं होतं.

तेव्हा मी जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज केला. सोबत माझं प्रतिज्ञापत्र, की दाखल्याच्या वेळी ही चुकीची तारीख मी लिहवून घेतली. नवरा म्हणाला, "तुझ्या नोकरीवर येईल." येऊ दे म्हटलं. तिच्या आईचा अंगठा घेतला, फलकाचा फोटो जोडला, आणि पोरीला घेऊन शिक्षण कार्यालयातल्या साहेबांसमोर उभी राहिले.

साहेब तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी सगळे कागद वाचले, माझं प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं. मग पोरीकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"फुटबॉल खेळते का हे?"

"हो. राज्याकडून खेळलीय."

"तरीच." त्यांनी कागद टेबलावर ठेवले. "मॅडम, राग नोका मानू. पन खेळाडूचं वय कमी कराले किती जन येते इथं, तुमाले मालूम नाई. समदे म्हंते, तवा चुकीचं लिहलं होतं. थे कान धरल्याचा काई कागद हाय का?"

"नाही."

"एक्स-रे बी अंदाजच सांगते. दोन वर्सं इकडं, दोन वर्सं तिकडं. आनं दीड वर्सापयले तुमीच हमी देली होती, हे तारीख खरी हाय म्हनून. शाळेच्या फायलीत नक्कल हाय त्याची. खात्री केली लिहलं हाय. सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. मी खूप बोलले. आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे लोक पाहायला लागले. साहेब ऐकून घेत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. कितीही बोलले असते तरी ते हटणार नव्हतं. अर्ज नामंजूर झाला.

बाहेर आल्यावर मी पायऱ्यांवरच बसले. साहेबांबद्दल तोंडाला येईल ते बोलत होते. माणूस की दगड, असं काहीतरी. पोरगी माझ्या शेजारी बसली. तिने माझी पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

"नोका रागवू मॅडम," ती म्हणाली. "साहेब वाईट नाईत. तुमच्यासारखेच हायेत."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी कितीदा तरी तपासून पाहिलं. ती खरोखरच माझी समजूत काढत होती.