चौदाचा पाना

"विमानं नीट करती म्हनं! हितं तोंड उघडून च्या मागत न्हाई, ती विमानाचं काय करनार?"

सासूबाई शेजारच्या कांतामावशीला सांगत होत्या. मी भिंतीअलीकडे, हात कणकेत. आता काय सांगू तुम्हाला, माझं डोकंच फिरलं!

खरंच करते हो मी विमानं नीट. पुण्यात, हवाई दलाच्या दुरुस्ती कारखान्यात. लग्नाला दीड महिना, सासर वडिवळ्याचं.

त्या दिवशी नणंदेची, अश्विनीची, नर्सिंगची प्रवेश परीक्षा. तळेगावात, साडेदहाला गेट बंद. आणि सव्वानऊला जीप सुरूच होईना! संतोषभावजी किल्ली फिरवून घामाघूम.

मी गुपचूप बॉनेट उघडलं. बॅटरीची तार ढिली. भावजींच्या पेटीतला पाना घेतला, आवळली. घर्रर्र! कांतामावशीचं तोंड उघडंच राहिलं. मला काय वाटलं असेल, सांगा!

पेटी मिटताना पाहिलं, तर एका पान्याची खाच रिकामी.

आमच्याकडे एक हत्यार सापडेना, की विमान जागेवर. फळ्यावर 'सज्ज' लिहिलेलं असो, वैमानिक हेल्मेट घालून उभा असो. ते इंजिनात राहिलं असलं तर?

"गाडी बंद करा. एक पाना कमी आहे."

झालं! सासरे गाडीखाली, सासूबाई सीटा उपसतायत, मी इंजिनात टॉर्च मारतेय.

"आगं, साडेनऊ झालं!" सासूबाई सीटाआडून ओरडल्या.

"सापडल्याशिवाय हलायचं नाही."

"वैनी, ही जीप हाय वो, फायटर न्हाई!" अश्विनी रडकुंडीला आलेली.

शेवटी जीपच्या मागून भावजींचं डोकं वर आलं. "वैनी, कितीचा पाना?"

मी खाचेवरचा आकडा वाचला. "चौदाचा."

"चौदाचा व्हय? आवो, तो गळाला वजन म्हनून बांदला व्हता मी. दोन वर्सं झाली, धरनाच्या तळाला हाय!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुमी कितीचा ते कुटं बोललात?"

पावणेदहा! आम्ही सगळेच आत कोंबलो आणि जीप अशी सुटली म्हणता! वाटेतल्या कामशेतपर्यंत कुणी श्वास घेतला असेल तर शपथ. गेट लोटत असतानाच अश्विनी आत घुसली आणि मी देव आठवायची थांबले.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे वळल्या. "तुज्या कारखान्यात बी आसंच करती व्हय गं?"

सगळे बघत होते. या घरातलं माझं सगळ्यात लांबलचक बोलणं तेव्हा झालं:

"नाही आत्या. तिथं कामाला हात लावायच्या आधी हत्यारं मोजते. आज मोजलीच नव्हती."