हीटरखालचा नंबर

एखादी गाडी तपासायला आणली की सुखदेव रामटेके मिस्त्री आधी डोळे मिटायचे. बॉनेट उघडायचे, नंबर ठोकलेली जागा चिंधीने पुसायचे आणि उजव्या हाताचा अंगठा त्या आकड्यांवरून हळूहळू फिरवायचे. मी १९९९ साली विम्याचा सर्व्हेयर म्हणून सांगलीहून गोंदियाला आलो, तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि मनात म्हटले, झाले! इथे गाड्यांचीही नाडी बघतात तर!

पण माझा तोरा महिनाभरसुद्धा टिकला नाही. दरेकशाकडच्या एका ठेकेदाराची जुनी जीप होती. मी रीतसर चेसिस नंबरवर कागद धरला, पेन्सिल घासून ठसा घेतला, कागदपत्रांशी ताडून पाहिला आणि मोकळा झालो. मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि जीप नापास केली. जुना नंबर घासून त्यावर नवा ठोकलाय, म्हणाले. ठेकेदार लेकराबाळांच्या शपथा घ्यायला लागला. मी त्याला खोदून खोदून प्रश्न विचारत होतो, तेव्हा मिस्त्री कंटाळून म्हणाले, "मालकाले कायले इचारता साहेब? गाडीलेच इचारा ना." मग त्यांनी माझा अंगठा धरून त्या जागेवर टेकवला. पत्रा तिथे बशीसारखा खोलगट लागला. माझे कान लाल झाले.

त्यांचे गॅरेज तिरोडा रोडवर होते. पत्र्याचे छप्पर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कोपऱ्यात लांबट वह्यांचा गठ्ठा. शिक्षण सातवी. पण कुठल्या परदेशी गाडीच्या बिल्ल्यावर कोणते अक्षर असले की ती कोणत्या कारखान्यातली, कोणत्या सालची, किती दारांची, हे सगळे त्या वह्यांत देवनागरीत उतरवलेले. नंबराच्या पट्टीला ते बिल्लाच म्हणत. दसऱ्याला अख्खे गोंदिया गाड्या धुऊन झेंडू बांधायचे, तेव्हा मिस्त्री कुलूप लावून नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेले असायचे. गिऱ्हाईक कुरकुरले तर म्हणत, गाडी उद्याही इथेच राहून राहील. माणूस समाधानी होता. त्यांच्या सहवासात माझ्यासारख्या चिडक्या माणसालाही बरे वाटायचे.

एका बाबतीत मात्र ते फार कडक होते. कारखान्यातून आलेला बिल्ला कोणी उचकटून पुन्हा बसवलेला दिसला, की त्या गाडीच्या तपासणीच्या कागदावर ते सही करत नसत. मालक कितीही मोठा असो.

२००७ साली राईस मिलवाल्या बिसेनभाऊंची गाडी विकायला निघाली. साठीच्या दशकाच्या अखेरची लाल अमेरिकन गाडी, दोनच दारे, आठ सिलिंडरचे इंजिन. चालू केली की मिलमधली कबुतरे उडायची. बिसेनभाऊंच्या वडिलांनी ती रायपूरकडच्या एका परदेशी साहेबाकडून घेतली होती. वडील गेल्यावर गाडी उभीच होती, आणि ती चालवील अशा माणसाच्या हाती जावी एवढीच भाऊंची इच्छा. जुन्या गाड्या जमवणारे नागपूरचे एक डॉक्टर ती बघायला आले. सोबत भिंग आणि इंटरनेटवरून छापलेल्या कागदांची जाडजूड फाईल. अहवाल मी लिहायचा आणि तपासणी मिस्त्रींनी करायची, असे ठरले.

डॉक्टरांनी समोरच्या काचेखालच्या बिल्ल्यावर भिंग धरले आणि त्यांचा चेहराच बदलला. या गाडीच्या बिल्ल्याला फुलासारख्या डोक्याचे रिव्हेट असतात, म्हणाले. इथे होते ते बादलीच्या कडीला मारतात तसले. इंजिनावरचा नंबर तर गंजाने खाल्लेला. म्हणजे बिल्ला दुसऱ्याच गाडीचा असू शकतो. डॉक्टर सभ्य होते, चोरी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण फाईल मिटली. बिसेनभाऊ नुसते, बाबूजी असे नव्हते हो, एवढेच म्हणत राहिले. त्यांच्या मेलेल्या बापाच्या नावाला बट्टा लागत होता.

मी मिस्त्रींकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटले नव्हते, अंगठाही उचलला नव्हता. ते बिल्ल्याकडे बघत होते.

"ते रिव्हेट मीच मारले," ते म्हणाले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, नवे नवे मिस्त्री असताना, त्यांनी या गाडीचा डॅशबोर्ड रंगवला होता. रंग नीट बसावा म्हणून बिल्ला उतरवला, पितळेच्या भांड्यासारखा घासून चकचकीत केला आणि हाताशी होते ते रिव्हेट ठोकून दिले. बाबूजी खूश, मिस्त्री त्याहून खूश. बिल्ल्याला हात लावायचा नसतो, हे त्यांना फार उशिरा कळले. ज्या चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या परत पाठवल्या, ती पहिली त्यांच्याच हातची होती. मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टर म्हणाले, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण पुरावा काय? यावर मिस्त्री जरा हसले. नंबर आणखी एका ठिकाणी ठोकलेला असतो, म्हणाले, हीटरच्या पेटीखाली, बॉडीच्याच पत्र्यावर. डॉक्टरांनी घाईने फाईल चाळली. तिच्यात तसे लिहिलेले होते खरे.

"अन् गोंदियात हीटर कोन उघडन, साहेब?" मिस्त्री म्हणाले. "आमी तं मे महिन्यात इथं भाजून राहिलो."

सगळे हसले, बिसेनभाऊसुद्धा. पेटीच्या बोल्टवरचा कारखान्याचा रंग चिरलासुद्धा नव्हता, म्हणजे पेटी कधी कोणी उघडलीच नव्हती. पाना लावताच रंगाचा थर कटकन तुटला. पेटी निघाली, चिंधी फिरली आणि मिस्त्रींनी डोळे मिटून अंगठा टेकवला. एकेक आकडा ते मोठ्याने बोलत गेले आणि डॉक्टर बिल्ल्याशी ताडत गेले. शेवटचा आकडा जुळला तेव्हा बिसेनभाऊ डोळे पुसत बाहेर गेले.

मी अहवालात लिहिले, नंबर जुळतो, गाडी मूळची. मिस्त्रींनी मला तो मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाले, रिव्हेटचे काऊन नाही लिहिले? डॉक्टर म्हणाले, आता त्याची गरज नाही. मीही तेच म्हणालो, कारण त्यांच्याच हाताने त्यांचे नाव खराब व्हावे, हे मला नको होते.

"तुमाले नसन गरज," मिस्त्री म्हणाले. "उद्या गाडी तिसऱ्याकडं जाईन. तो रिव्हेट पाहीन, अन् बाबूजीले चोर म्हणन. लिहा, बिल्ला सुखदेव रामटेकेनं उतरवला होता."

मी लिहिले. त्यांनी खाली सावकाश सही केली.

मिस्त्री २०१३ साली गेले. दोनेक वर्षांनी मला हैदराबादहून एका गृहस्थांचा फोन आला. ती लाल गाडी डॉक्टरांकडून आता या गृहस्थांकडे गेली होती. ते आणखी एक जुनी गाडी घेणार होते आणि अहवालावरच्या माझ्या फोन नंबरावरून रामटेके मिस्त्रींना शोधत होते. मी विचारले, तुमच्या हैदराबादेत तपासणारे काय कमी आहेत? ते म्हणाले, पुष्कळ आहेत, पण कागदावर स्वतःची चूक लिहून देणारा हा एकच सापडला, मला त्याच माणसाचा शब्द हवा आहे.

मिस्त्री आता नाहीत, हे मला त्यांना सांगावे लागले. फोन ठेवला आणि मी लहान पोरासारखा रडलो.