हिवरखेडचं तिकीट

दिनांक १७ एप्रिल २०२२, रुपये ५०० फक्त. चंद्रभानने देवीदासभाऊंच्या हिवरखेड स्टेशनची एवढी किंमत लावली. पाचशेची एक नोट, पडलेल्या भिंतीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर ठेवलेली, उडू नये म्हणून वर विटेचं खांड.

देवीदासभाऊ माझे शेजारी; मी बँकेतून निवृत्त झालेला हिशेबनीस. अकोल्यात बाळापूरच्या रस्त्याकडे आमची वस्ती आहे. ते मूळचे हिवरखेडचे, घरचा पिढ्यानपिढ्या फुलांचा आणि भाजीचा धंदा. तरुणपणी झेंडूच्या टोपल्या घेऊन ते मीटरगेजच्या गाडीने अकोल्याला यायचे आणि रिकाम्या टोपल्या घेऊन परत जायचे. पुढे अकोल्यातच हारांचं दुकान टाकलं. रुंदीकरणासाठी ती मीटरगेज बंद झाली, तेव्हा त्यांनी दुकान मुलाच्या, म्हणजे धर्मेंद्रच्या, हवाली केलं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःची गाडी सुरू करायला घेतली. हिवरखेड ते अकोला. हिवरखेड स्वयंपाकघरामागच्या ओट्याखाली, अकोला मागच्या कंपाउंडपाशी.

माणिकबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "लोकं म्हातारपणी देवाले जातात, हे टेशनाले चालले."

आमच्याकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून वर येते. पहिल्या वर्षी टाकलेला रूळ आषाढात सापासारखा वाकडा झाला. मग भाऊंनी सगळा रूळ काढला, दीड फूट चर खणला, त्यात मुरूम भरून धुम्मसाने ठोकून घट्ट केला आणि वर चाळलेली गिट्टीची चुरी अंथरली. रूळ म्हणजे जुन्या सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. स्लीपर सुताराकडच्या सागाच्या तुकड्यांचे, जळक्या ऑईलमध्ये भिजवलेले. इंजिन तेलाच्या पिप्याच्या पत्र्याचं, आत जीपच्या वायपरची मोटर आणि बॅटरी. सिग्नलचा हात सायकलच्या ब्रेक वायरने खालीवर व्हायचा, आणि तो खाली पडल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. मधे मुरमाचा ढीग करून त्यावर दूर्वा लावलेल्या, तो मेळघाट. शेतं चिनी गुलाबाची. स्टेशन गुडघ्याएवढं होतं आणि त्याला आगपेटीएवढी तिकिटाची खिडकी होती.

मागच्या बाजूला चंद्रभानचं लग्नाचं लॉन. पैसेवाला माणूस, बोलायला गोड. त्याला पार्किंगसाठी भाऊंची मागची जागा हवी होती. तीन वेळा भाव घेऊन आला, तिन्ही वेळा भाऊंनी चहा पाजून परत पाठवला. तिसऱ्या वेळी उठता उठता तो म्हणाला, "विचार करा भाऊ. गाडीच चालवायची हाये तं गच्चीवर चालवा."

त्या सतरा एप्रिलला भाऊ आणि माणिकबाई एका तेरवीसाठी बाळापूरला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा मागची भिंत आडवी होती आणि परसात जेसीबीच्या चाकांचे माग होते. जेसीबी लॉनमधली माती सपाट करायला आणलेला. तो भिंत तोडून सरळ आत आला होता आणि ओट्यापर्यंत जाऊन मागे फिरला होता. चुकून भिंतीला लागलेला जेसीबी पुढे ओट्यापर्यंत कशाला जाईल, हा प्रश्न त्या दिवशी मलाही पडला. मेळघाट सपाट, हिवरखेड मातीत, इंजिन चपातीसारखं.

चंद्रभान स्वतः आला. मी तिथेच उभा होतो.

"ड्रायव्हर नवा होता, भाऊ. भिंत मी बांधून देतो."

"आन् टेशन?" भाऊंनी विचारलं.

"आता खेळणंच तं होतं. हे घ्या पाचशे, जत्रेतून दुसरं घेऊन या." त्याच्यासोबतची चार माणसं हसली. भाऊंनी हात पुढे केला नाही, तेव्हा त्याने नोट भिंतीवर ठेवली आणि निघून गेला.

भाऊ बराच वेळ मातीतून पत्रे वेचत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, याच्या तोंडून मले एकच गोष्ट काढाची हाये. चार लोकात त्यानं म्हणावं, मी टेशन तोडलं. खेळणं नाही. टेशन."

पोलिसात जा, असं मी सुचवलं. ते म्हणाले, "पोलिस पंचनाम्यात काय लिवतीन? खेळणं."

पुढचे आठ महिने त्या माणसाने रागाशिवाय दुसरं काही खाल्लं असेल असं मला वाटत नाही. गाडी पुन्हा बांधली, पण आता उलटी. अकोला ओट्याखाली आणि हिवरखेड थेट चंद्रभानच्या भिंतीला खेटून. स्टेशन पहिल्यापेक्षा मोठं केलं. ती पाचशेची नोट तिकीट खिडकीमागे काचेत लावली. पुढच्या फाटकावर पांढऱ्या रंगाने स्वतः पाटी लिहिली:

गाडी पाहणे सर्वांना मोफत. श्री. चंद्रभान यांना तिकीट रु. १०.

वस्तीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. चंद्रभानचा घरी जायचा रस्ता त्याच फाटकावरून होता.

मग इंजिनसाठी म्हणून भाऊंनी भंगारातून ट्रकचा प्रेशर हॉर्न आणला. लॉनमध्ये लग्न लागलं, भटजींनी अंतरपाट धरला, की इकडे हिवरखेडहून गाडी सुटायची. हॉर्न असा की घोडीवरचा नवरदेव दचकावा. लॉनमधली पोरं भिंतीकडे पळायची, पोरांमागे त्यांच्या आया आणि आयांमागे व्हिडिओवाला. मंगलाष्टकं ऐकायला नवरा-नवरी आणि दोन आत्या उरायच्या. मीही मुद्दाम मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचो. त्या लॉनच्या डीजेने बारा वर्षं माझी झोप खाल्ली होती.

चंद्रभानने भिंत दोन फूट उंच केली आणि वर काचा बसवल्या. भाऊंनी मेळघाट उंच केला.

आणि इथे भाऊंचा हिशेब चुकला. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, आयांनी मोबाईलवर फोटो फिरवले, आणि दर्यापूरहून, अमरावतीहून लोक चौकशीला येऊ लागले की ते झुकझुक गाडीवालं लॉन हेच का. चंद्रभानने काय करावं? भिंतीला लांबलचक पण दीड वीत उंचीचं भगदाड पाडून लोखंडी जाळी बसवली, जाळीपुढे सोफे टाकले आणि लॉनचं भाडं वाढवलं. जाहिरातीत छापलं, "लहान मुलांसाठी खास रेल्वे".

ते पत्रक माणिकबाईंनीच आणून दाखवलं. "घ्या. तुमी सूड घेऊन राहिले, आन् तो भाडं घेऊन राहिला."

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. महिनाभर गाडी बंद होती. जाळीपलीकडून पोरं ओरडायची, भाऊ कुंड्यांना पाणी घालत राहायचे. एकदा चंद्रभानने जाळीतून हाक मारली, "काहून बंद केली भाऊ? मोटर जळली काय? मी आणून देतो ना नवीन." भाऊंनी झारी रिकामी होईपर्यंत एकाच कुंडीत पाणी ओतलं.

मग २०२५च्या फेब्रुवारीत चंद्रभानच्या एकुलत्या एका मुलीचं, मंजुषाचं, लग्न ठरलं. घरचंच लॉन, गोरज मुहूर्त, अमरावतीचं सासर. कार्यक्रमाची सगळी आखणी करायला अमरावतीचीच प्रणाली नावाची मुलगी नेमली होती. ती एक दिवस भाऊंच्या फाटकात आली, पाटी वाचली, ओठ दाबून आत आली.

"काका, वरमाला तुमच्या ट्रेनमधून स्टेजवर यायला पाहिजे. जाळी काढून रूळ आतपर्यंत नेऊ. तुम्ही म्हणाल ते पैसे."

मला वाटलं, आता झारी फेकून मारतात. भाऊ म्हणाले, "पैसा नोको. हार मी सोताच्या हातानं गुंफीन. रूळ मी टाकीन. फक्त सिग्नल माह्या हातात राहीन."

"हो काका, तो तर तुमच्याच हातात!" प्रणाली खूश झाली.

चंद्रभानला निरोप गेला तेव्हा तो म्हणाला म्हणे, "पाहा, माणूस शेवटी हारांवर आला."

लग्नाच्या संध्याकाळी भाऊंनी मला बोलावून स्टेशनापाशी बसवलं. "तुमी हिशेबाचे माणूस. साक्षीले कोणी पायजे." फाटकाला आतून कुलूप. दोन हार मालगाडीच्या उघड्या डब्यात ठेवलेले, निशिगंध आणि गुलाबाचे, ओल्या फडक्याने झाकलेले. पहाटेपासून ते गुंफत होते. एवढे देखणे हार मी त्यांच्या दुकानातही पाहिले नव्हते.

पलीकडे मंगलाष्टकं सुरू झाली. काढलेल्या जाळीच्या जागेतून स्टेज दिसत होतं, आणि प्रणालीने परसात लावलेल्या कॅमेरा-माईकमुळे स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर भाऊंचं परस दिसत होतं. गाडी अकोल्याहून निघाली, मेळघाटाला वळसा घालून आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिंतीपासून तीन हात अलीकडे हिवरखेडच्या आउटरचा सिग्नल होता. तो पडला नाही. गाडी आउटरला उभी राहिली.

स्टेशन समोर दिसत असूनही गाडी तासभर खोळंबते ते आउटर; अकोल्याच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "क्रॉसिंग हाये बाप्पा, थांबा!"

भटजींनी शेवटचं कडवं ताणलं, मग आणखी एक म्हटलं, मग पहिल्यापासून धरलं. लोकांच्या मुठीतल्या अक्षता केव्हाच संपल्या होत्या. ते नुसतेच हात उडवत होते. अंतरपाट धरणाऱ्यांचे दंड भरून आले. प्रणाली जाळीच्या जागेपाशी वाकून हात जोडत होती. भिंतीवर चंद्रभाननेच लावलेल्या काचा, भगदाडातून माणूस शिरेना, आणि बाजारातून दुसरे हार येईपर्यंत मुहूर्त टळणार.

माणिकबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "सोडा ती गाडी! त्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं?"

"पोरीचं काहीच अडत नाही. तिचे हार तयार हायेत. तिच्या बापाचं तिकीट बाकी हाये."

"मंडपात पोरगी उभी हाये, देवीदास!" इतक्या वर्षांत त्यांना नवऱ्याचं नाव घेताना मी प्रथमच ऐकलं. भाऊंचा हात सिग्नलच्या दांड्यावर तसाच राहिला.

फाटक वाजलं. शेरवानी, फेटा, घामाने चिंब चंद्रभान, मागे व्याह्यांकडची सात-आठ माणसं. मी कुलूप उघडलं.

"भाऊ, काय मस्करी लावली? मुहूर्त चालला!"

"तिकीट काढा," भाऊ म्हणाले. "खिडकी तिथं हाये."

खिडकी गुडघ्याखाली. चंद्रभानने भाऊंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मागच्या व्याह्यांकडे पाहिलं. मग शेरवानी आवरत तो गिट्टीवर उकिडवा बसला. त्या खिडकीच्या काचेमागे त्याला काय दिसलं ते मला माहीत होतं.

"कुठचं पायजे?" भाऊंनी वरून विचारलं.

"हिवरखेडचं."

"हिवरखेड टेशन कोणी तोडलं होतं?"

पलीकडे भटजी तिसऱ्यांदा सावधान म्हणत होते.

"मी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. गाडीत ऐकू येत नाही."

"मी तोडलं!" चंद्रभान ओरडला. परसातला कॅमेरा चालूच होता, आवाज माईकवर गेला आणि लॉनमधल्या भोंग्यांतून परत आमच्यावर आला. "मी तोडलं तुमचं टेशन. जेसीबी मीच घालायले लावला होता. झालं?"

"टेशन ना? खेळणं नाही ना?"

"टेशन. टेशन. टेशन."

लॉनमध्ये एवढी शांतता मी बारा वर्षांत ऐकली नव्हती. भटजीही थांबले होते.

"दहा रुपये," भाऊ म्हणाले.

चंद्रभानने शेरवानी चाचपली. तिला खिसाच नव्हता. तो काचेकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या पाचशेतून कापून घ्या."

"ते नुकसानीचे होते. तिकिटाचं खातं वेगळं." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना साहेब?"

मी बरोबर आहे म्हटलं. ते बरोबरच होतं.

भाऊंनी काच सरकवली, नोट काढली आणि उकिडव्या बसलेल्या चंद्रभानच्या हातात दिली. "हे तुमचे तुमाले परत. तिकीट उधार." चंद्रभानने नोट कुठे ठेवावी ते न सुचून फेट्यात खोचली. भाऊंनी दांडा ओढला, सिग्नल पडला, हॉर्न वाजला. हार भिंतीतून पलीकडे गेले. मंजुषाने आपला हार उचलला तेव्हा ती हसत होती की रडत होती, हे मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. मुहूर्ताची तीन मिनिटं उरली होती, असं भटजींनी नंतर सांगितलं.

माणिकबाई चार दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत. भाऊंनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही; त्या चार दिवसांत ते रोज दोन वेळा पोटभर जेवले.

चंद्रभानने आठवड्याच्या आत भगदाड विटांनी बंद केलं आणि पत्रकातली रेल्वे काढून टाकली. गाडी रोज संध्याकाळी धावते. वस्तीतली पोरं फाटकातून येतात, फुकट पाहतात. पाटी तशीच आहे, दिवाळीत भाऊंनी तिला नवा रंग दिला. चंद्रभान आता घरी पलीकडच्या गल्लीतून जातो.

त्याच्याकडून तिकिटाचे दहा रुपये अजून येणे आहेत.