चला की बोटीवर

सोलापूरच्या नवी पेठेत माझं परकर आणि ब्लाऊजपीसचं दुकान आहे. निघालेल्या माणसाला "बसा की, चहा घ्या की" म्हणायची सवय अंगात एवढी भिनलीय, की एकदा मीटर तोडायला आलेल्या माणसालाही मी जेवूनच जा म्हणालो होतो. यात समोरच्यानं "नको नको, उशीर होतोय" म्हणायचं असतं. अख्खं सोलापूर हा नियम पाळतं. कर्नाटकच्या सीमेवरची मैंदर्गीही पाळत असेल असं मी धरून चाललो आणि तिथं घात झाला.

मैंदर्गीचं स्थळ मुलीसाठी आलं होतं. मुलगा चिंचोळी एमआयडीसीत इंजिनिअर, वडिलांची गावात तुरीची आडत. पाहण्याचा कार्यक्रम मी उत्तम पार पाडला, म्हणजे बायकोला आणि मुलीला "तुम्ही बोलू नका, मी बघतो" असं बजावून एकटाच बोललो. मुला-मुलीचं जमलं. त्याचा फोन आला की ही गच्चीवर कपडे काढायला जायची, दोरीवर कपडे असोत नसोत. पण मुलाची आई "कळवतो" म्हणून गेली ती गेलीच. माझा फोन वाजला की मुलगी हातातलं सोडून माझ्या तोंडाकडं बघायची, आणि पलीकडं इचलकरंजीचा व्यापारी निघायचा.

शेवटी घर बघायच्या निमित्तानं मी आणि बायको मैंदर्गीला जाऊन धडकलो. चहा आला, उन्हाळ्यावर बोलून झालं, तुरीचा भाव झाला. "कळवतो"चा विषय काही निघेना.

"मग, सुट्टीत कुटं जानार?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

त्याच सकाळी बायकोनं मला मोबाईलवर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीची जाहिरात दाखवली होती. आयत्या वेळी बुक करा, निम्म्यात जा. मी "बघू" म्हणालो होतो. आमच्या घरात "बघू"चा अर्थ शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण समोर स्थळ बसलेलं.

"क्रूझवर जायचं म्हणतोय," मी म्हणालो.

बायकोनं तोंडाशी नेलेला कप तिथंच धरला.

"बोटीवर? लई भारी की वो पाव्हणं!"

इथं थांबायला हवं होतं. पण सवय. "चला की तुम्हीपण!"

आता त्यांनी नको नको म्हणायचं. ते म्हणाले, "कवा हाय?"

कुणालाच जमणार नाही असा वार मी निवडला. "याच शनिवारी."

नवरा-बायको कानडीत बोलले. मला कानडी येत नाही. बायकोला थोडं येतं, तिची मावशी अक्कलकोटची. तिनं कप खाली ठेवला.

"बर्तीवी री," मुलाची आई म्हणाली आणि माझा चेहरा बघून मराठीत सांगितलं, "येतो आमी."

मुलीचं कळवायला महिना लावणाऱ्या बाईनं बोटीचं चहा निवायच्या आत कळवलं.

परतीच्या एस. टी.त बायकोनं आधी खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाली, "आता बोट आणा."

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या ट्रॅव्हलवाल्याकडं गेलो. त्याच्या पाटीवर बालाजी, अष्टविनायक आणि "लग्नासाठी गाड्या मिळतील" असं आहे.

"बोट?" तो विचारात पडला. "काका, स्लीपर का सीटिंग?"

"मला काय माहीत? तूच सांग."

"आणि पिकअप कुठून? सात रस्त्याच्या स्टॉपला येते का ती?"

मग दुकानातच गल्ल्यावर लॅपटॉप ठेवून मुलगी बुकिंगला बसली. एका बाजूला मी गिऱ्हाईकाला परकर दाखवतोय, दुसऱ्या बाजूला ती बोट बघतेय.

"बाबा, दोनच प्रकार उरलेत. एक खोली आहे ती राजवाड्यासारखी. तिचा आकडा वाचून दाखवू?"

"नको. दुसरी?"

"चौघांची. दोन बिछाने खाली, दोन छतातून निघणारे. आणि खिडकी नाहीये."

"खिडकी कशाला? समुद्र बाहेर असतो."

"बाबा, चौघं म्हणजे तुम्ही दोघं आणि ते दोघं? एका खोलीत? अजून त्यांनी हो पण म्हटलेलं नाही!"

"तेवढीच जवळीक," मी म्हणालो. गिऱ्हाईक बाई परकर बघायचं सोडून आमचं ऐकत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घेऊन टाका, नंतर तेपण जाईल." ब्लाऊजपीस विकताना आजवर मी गिऱ्हाइकांना असाच घाबरवत आलो होतो.

पुढचं पान जन्मतारखा मागायला लागलं. न झालेल्या विहिणीचं वय विचारायचं! मी मैंदर्गीला फोन लावून कसंबसं विचारलं.

"आधारवर येक जून हाय," मुलाचे वडील म्हणाले.

"आणि आपली?"

"माजीबी येक जूनच. मास्तरांनी शाळंत घालताना सगळ्यांचीच लिवली."

माझीही तीच. फक्त बायको दवाखान्यात जन्मलेली, म्हणून तिला खरी तारीख आहे. मुलीनं सगळं भरलं, कॅलेंडर बघितलं आणि कपाळावर हात मारला. शनिवारनंतरचा रविवार, म्हणजे बोटीवरचा दुसरा दिवस, एक जून होता.

तर शनिवारी आम्ही चौघं बोटीवर चढलो. आत मॉलसारखं सगळं. खोलीत शिरलो तेव्हा मात्र एकानं श्वास सोडला की दुसऱ्यानं घ्यायचा एवढीच जागा. मुलीकडचे म्हणून आम्ही दोघं छतातल्या बिछान्यांवर. मी शिडीनं जो वर गेलो तो उतरेना, कारण उतरायचं म्हणजे पाय न झालेल्या व्याह्यांच्या उशीजवळ.

सकाळी दार वाजलं. बाहेर बोटीवरची चार-पाच मुलं-मुली, हातात केक आणि गिटार. एका खोलीतल्या तिघांचा एकाच दिवशी वाढदिवस म्हणजे त्यांच्याही नोकरीत पहिलाच प्रसंग असावा. त्यांनी तीनदा गाणं म्हटलं, प्रत्येकासाठी वेगळं. मी वरूनच हात जोडले. मुलाच्या वडिलांनी लुंगी सावरत विचारलं, "अंडं हाय का ह्यात?" होतं. केक आल्या वाटेनं परत गेला.

मग खरी पंचाईत सुरू झाली. बाथरूम एक, माणसं चार.

"तुम्ही आधी," मी वरून म्हणालो.

"छे, छे. तुमी व्हा की म्होरं."

"असं कसं? ताई, तुम्ही जा," मी मुलाच्या आईला म्हणालो.

"यांना जाऊ द्या," ताई म्हणाल्या.

"मी काय, कवाबी जातो. पाव्हणं, तुमी उतरा."

मुलीकडच्यांनी आधी जायचं कसं? आणि मला वर ठेवून त्यांनी तरी जायचं कसं? चौघांच्या हातात चार टॉवेल. नाश्ता संपत आल्याचं भोंग्यावर दोनदा सांगून झालं. मी पुन्हा तोंड उघडणार, एवढ्यात पलीकडच्या बिछान्यावरून आवाज आला.

"अहो, पुरे! सगळ्यांना गोव्यापर्यंत असंच बसवणार का? तुमच्या या आग्रहापायी बोटीत आलो, आता आंघोळीलापण तोच? कुणी जात नाही ना? मी चालले."

बायको शिडीवरून उतरली, न झालेल्या व्याही-विहिणींच्या मधून गेली आणि बाथरूमची कडी लावली.

आत पाणी सुरू झालं. मी छताकडं बघत राहिलो. छत नाकाजवळच होतं. मुलाची आई समोर ताटकळत बसलेली आणि मुलीची आई आधी आंघोळीला! गेलं स्थळ. मुलीला काय सांगायचं? गच्ची डोळ्यांपुढं आली, मोकळ्या दोरीसकट.

"पाव्हणं," खालून ताईंचा आवाज आला. "येक खरं सांगा. तुमची पोरगी कुनावर गेलीय?"

आपल्याला कशी पाहिजे तशी दाखवतो, हे दुकानी उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण आतून बायको ओरडली, "अहो, शांपू कुठला आणि साबण कुठला, यावर इंग्रजीत लिहिलंय, सांगा की!"

"आईवर," मी म्हणालो. "डिट्टो."

"आनि त्या दिवशी गप का बसली मग?"

"मीच बसवली होती."

ताई उठून बसल्या. "आमच्या घरात बाप-लेक दोगंबी असलेच. दारात आले की तू आदी, तुमी आदी. सगळं ठरवायचं मी. तुमच्याकडं बगितलं तर बोलतंय कोन, तर तुमी. मनलं, आनकी येक मुकी आनून तिचंबी मीच ठरवत बसू काय? मनून कळवलं न्हाय." मग नवऱ्याकडं वळून कानडीत काहीतरी म्हणाल्या. ते लगेच म्हणाले, "हौदरी, हौदरी." ते हो म्हणतात एवढं कानडी मलाही कळलं. ताईंनी वर बघितलं. "पोरगी पसंत हाय आमाला."

मी उतरलो. पाय व्याह्यांच्या उशीवरच पडला, पण आता चालण्यासारखं होतं.

बायको बाहेर आली तेव्हा तिला काय घडलं हेच कळेना. "मी साबणाचं विचारत होते," म्हणाली. मुलीला कळवायचं तर खोलीत रेंज नाही, म्हणून नाश्ता बुडवून चौघं वर डेकवर गेलो. चहूकडं समुद्र. आम्ही सोलापूर-मैंदर्गीची माणसं, एवढं पाणी जन्मात बघितलेलं नाही. आणि चौघंही चार मोबाईल डोक्यावर धरून, पाण्याकडं पाठ करून फिरत होतो. बायकोच्या फोनला रेंज आली. रिंग गेली न गेली तोच मुलीनं उचलला. ताईंनी "मला द्या" म्हणून तो सरळ काढूनच घेतला आणि वाऱ्यावर मात करत ओरडल्या,

"ठरलं गं बाय तुजं! तुज्या आईनं सगळ्यांच्या आदी आंगोळ केली, मनून ठरलं!"

स्पीकरवर मुलगी जपून म्हणाली, "आईची तब्येत बरी आहे ना?"