पहिलं बाळंतपण जैनाबादला

१२ मे. सकाळपासून जुन्या सुती साड्या फाडून दुपटी करत होते. थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या रावेरहून आमच्याकडे, बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. साडीच्या काठाला कात्रीनं चीर दिली की ती सरळ फाटत जाते, त्याला डोकं लागत नाही. माझं डोकं धाकटीच्या जातीच्या दाखल्यात होतं.

धाकटीला नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेवर तिचा नंबर नक्की लागत होता, पण त्यासाठी दाखला हवा, आणि दाखल्यासाठी आमच्या सरळ वंशातलं कुणीतरी ठरलेल्या सालाच्या आधीपासून याच राज्यात राहत होतं असा सरकारी कागद हवा. तो आमच्याकडे नव्हता. अर्ज परत करताना खिडकीतले बाबू म्हणाले होते, "आप लोग तो महाराष्ट्र तरफ के हो ना? उधर से बनवा लो." घरात मराठी बोलतो, एवढाच त्याला आधार. महाराष्ट्रात गेलो असतो तर तिथल्यांनी इकडे पाठवलं असतं. प्रवेशाची शेवटची तारीख जूनमध्ये होती.

शोधाचं काम धाकट्या दिरांकडे होतं. ते शाळेत इतिहास शिकवतात, त्यामुळे हे खातं आपलंच असं त्यांनी धरलं होतं. आमच्या आजेसासऱ्यांचं गाव जसोंडी. शेत बटाईचं, म्हणून जमिनीच्या कागदात नाव नाही. राहिली जन्माची नोंद. त्या काळी गावचा कोटवार, म्हणजे पहारेकरी, जन्ममृत्यू पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचा आणि तिथे ते लिहिलं जायचं. ती जुनी दप्तरं आता खंडव्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. भाऊजींनी जसोंडीची सगळी सालं पाहिली. आजेसासऱ्यांच्या दोन धाकट्या भावांचे जन्म सापडले, पण ते दोघेही लहानपणीच गेलेले, आम्ही काही त्यांचे वंशज नाही, म्हणून त्या नोंदी चालत नव्हत्या. आजेसासऱ्यांचा जन्म मात्र कुठेच नाही.

"कोटवार विसरला असेल," भाऊजी म्हणायचे. "माणूसच तो."

तर मी दुपटी घड्या करत होते आणि थोरली दवाखान्याची फाईल वाचत होती. ती म्हणाली, "आई, जन्माचा दाखला इथलाच मिळणार ना गं? बाळ रावेरचं, पण कागद बुऱ्हाणपूरचा."

"जिथे जन्म, तिथे नोंद," मी म्हणाले, आणि हातातली साडी खाली ठेवली.

आजेसासरे थोरले होते. घरातलं पहिलं मूल. पहिलं बाळंतपण कुठे होतं, हे या घरातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही, आणि मी दोन लेकींची आई.

सासूबाई ओट्यावर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या उलटत होत्या. मी विचारलं, "आई, तुमच्या सासऱ्यांच्या आईचं माहेर कुठलं?"

"जैनाबाद," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तापीच्या पलीकडे. मी आली तव्हा म्हातारी होती. तिला सगळे जैनाबादवालीच म्हणत. मला नाही का इच्छापूरवाली म्हणत?"

"हे भाऊजींना कधी सांगितलं नाही?"

"त्यानं इचारलं कव्हा? त्यानं बापांची नावं इचारली. ती मी पाच पिढ्यांची सांगितली."

संध्याकाळी भाऊजी आले. ऐकून घेतलं आणि हसले. "वहिनी, रेकॉर्डचं काम असं अंदाजानं होत नाही. आपलं गाव जसोंडी, तर नोंद जसोंडीत."

"तुमचा जन्म कुठला, भाऊजी?"

"इथला."

"तुम्ही दुसरे. तुमचे दादा इच्छापूरला झाले. विचारा आईंना."

सासूबाई आतून म्हणाल्या, "इच्छापूरलाच. भर उन्हात."

भाऊजींनी चहा संपवला आणि सकाळच्या गाडीची वेळ विचारली.

खंडव्याला आम्ही दोघंच गेलो. अर्ज दिला, गावाचं नाव जैनाबाद लिहिलं. सालं भाऊजींच्या फायलीतून काढली. आजेसासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय होतं, त्यावरून अंदाजे मागे मोजता आलं. हे त्यांचं काम चोख होतं आणि त्याशिवाय मी काही करू शकले नसते. लाल फडक्यात बांधलेला पहिला बस्ता उघडला तर आत वाळवीनं पानांची जाळी केलेली. भाऊजी माझ्याकडे बघेनात. मी म्हणाले, "पुढचं साल काढायला सांगा."

पुढच्या बस्त्याची पानं पिवळी होती, पण धड होती. मी बोट फिरवत गेले, भाऊजी ते वळणदार अक्षर लावत गेले. जैनाबादेत तेव्हा बरीच मुलं जन्मत होती आणि बरीच मरतही होती. मुलाच्या नावाचा रकाना जवळजवळ सगळीकडे रिकामा, कारण कोटवार सांगायला जाई तेव्हा बारसं झालेलं नसे. म्हणून आम्ही फक्त बापाचं नाव बघत होतो.

एका ओळीवर भाऊजी थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मोठ्यानं वाचलं. लडका. बापाचं नाव आमच्या वंशावळीतलं तेच. जात आमची. पुढे, "साकिन जसोंडी."

साकिन म्हणजे राहणारा. मूल जैनाबादचं, बाप जसोंडीचा, आणि हे सगळं एका ओळीत, त्या ठरलेल्या सालाच्या कितीतरी आधीचं. याहून चांगला कागद मागून मिळाला नसता. आईच्या नावाचा रकानाच नव्हता. काम तिच्या माहेरामुळे झालं होतं, पण ओळीत ती कुठेच नव्हती.

"वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले, "चुकलंच माझं."

"नकलेचा अर्ज भरा आधी. खिडकी बंद होईल."

शिक्क्याची नक्कल हातात यायला काही दिवस लागले. दरम्यान थोरलीला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, म्हणून मी नक्कल आणि भाऊजींची फाईल घेऊन धाकटीसोबत त्याच खिडकीवर गेले. बाबूंनी नक्कल वाचली. मग मृत्यूचा दाखला, मग आमच्या घराच्या कराच्या पावत्या. आजेसासऱ्यांच्या बापाचं नाव प्रत्येक कागदावर तेच. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी त्यांना वाचू दिलं.

"ये तो पक्का कागज़ है," ते म्हणाले. "इतने दिन से क्यों नहीं लाए?"

"इतने दिन मर्द लोग ढूँढ़ रहे थे," मी म्हणाले.

मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. बाबूही हसले आणि अर्जावर शिक्का मारला. शेवटच्या तारखेच्या आत दाखला आला आणि धाकटीचा नंबर लागला. त्या दिवशी भाऊजींनी गल्लीत जिलेबी वाटली आणि प्रत्येक दारात शोध कसा लागला ते सांगितलं. सांगताना "आम्ही" म्हणत होते. मी म्हणू दिलं. सासूबाईंनी नाही म्हणू दिलं. "आम्ही कोण रे?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. नातवाच्या जन्माच्या नोंदीत पत्ता म्हणून फक्त सिंधीपुरा लिहिलं होतं. कायमच्या पत्त्याचा रकाना रिकामा होता. मी सिस्टरला सांगितलं, रावेर लिहा, तालुका, जिल्हा, राज्य, सगळं. आणि आईचं नाव पूर्ण लिहा, नुसती आद्याक्षरं नकोत.

"इतना कौन देखता है, आंटी?" ती म्हणाली.

तिचं लिहून होईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.