सीटखालचं बटण

आमच्या चिकूच्या बागेतला गवत कापायचा जुना, छोटा ट्रॅक्टर सुरूच होईना. ह्यांनी प्लग पुसला, वायर बदलली, तरी स्पार्क नाहीच. त्याच्या सीटखाली एक बटण आहे. माणसाच्या वजनानं ते दाबलं गेलं, तरच स्पार्क येतो. आजारपणानंतर हे आज पहिल्यांदाच त्यावर बसले होते.

"अगं, तू बस बघू. तुझं वजन कधी कामाला येणार?"

मी बसले, किल्ली फिरवली. इंजिन लगेच धडधडलं.

"बटणाची स्प्रिंग कडक झालीय," हे म्हणाले.

"झाली असेल हो."

ह्यांचे शर्ट रोज मीच वाळत घालते, पण माणूस एवढा हलका झालेला माझ्या आधी यंत्राला कळावं?

"ऊठ आता, मी चालवतो," हे म्हणाले. मला काही उठवेना.